बारा वाजायच्या आत

होडीत बसल्याबसल्या सासऱ्यांनी जावयाचं मनगट धरलं, त्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पट्टा सोडवून ते काढूनच घेतलं.

"मागे आहे," ते म्हणाले.

कोटाच्या आतल्या खिशातल्या घड्याळाशी ताडून त्यांनी काटे पुढे सरकवले, काच रुमालाने पुसली आणि घड्याळ परत दिलं. लग्नापासून आजवर जावयाचं घड्याळ दर भेटीत मागेच निघत आलं होतं. तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता आणि तिथे सगळे त्याच्या घड्याळावरून आपापली वेळ लावत. ही माहिती त्याने सासरी कधी दिली नव्हती.

आज तर वेळेचाच मामला होता. खाडीपलीकडच्या गावात मनोऱ्यावरचं जुनं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. जावयाची बायको तिथल्या नगर कार्यालयात अभियंता. तिच्या साहेबांनी बॅटरीवर चालणारं नवं यंत्र मागवून मनोऱ्याच्या पायथ्याशी खोक्यात आणूनही ठेवलं होतं. पण तिने हट्ट धरला, की जुनं यंत्र चालू शकतं आणि ते चालवणारा माणूस आमच्या घरात आहे. यात तिचा थोडा स्वार्थही होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून बाबा घरातली सगळी घड्याळं खोलून पुन्हा जोडत होते, आणि ती सगळी आधीपासून बरोबरच चालत होती.

साहेब शेवटी तयार झाले. सासऱ्यांनी मनोऱ्यात बसून यंत्राचा दात न् दात साफ केला. लंबक जिच्यावर लटकतो ती पोलादाची पातळ पट्टी तेवढी मोडलेली होती. नवी पट्टी त्यांनी घरी घासून घासून तयार केली. आता ती कापसात, कापूस डबीत, डबी मांडीवर आणि डबीवर त्यांचे दोन्ही हात, अशी सगळी मंडळी होडीत बसली होती.

गावात सगळ्यांना कळवलं होतं, की बरोबर बाराला घड्याळ सुरू होणार. काटे बाराला मिनिटभर कमी असे लावून ठेवा, असं सासऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं. ते येणार, पट्टी बसवणार, लंबक सोडणार, आणि घड्याळाचं पहिलं काम म्हणजे बाराचे ठोके. साहेबांची अट एकच. बारा वाजेपर्यंत आपण वाट बघू, असं त्यांनी भर सभेत जाहीर केलं होतं. बारा वाजले की मात्र मी कोणासाठी थांबणार नाही, बॅटरीचं यंत्र वर चढवायला सांगेन.

रोजची लाँच नेमकी दुरुस्तीला गेली होती. रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस. म्हणून ही मेहुण्याची होडी. मेहुणा म्हणजे सासऱ्यांचा मुलगा, दातांचा डॉक्टर. होडीच्या मागच्या फळीला छोटं इंजिन अडकवलेलं होतं. पेट्रोलची लाल टाकी सुटी, सासऱ्यांच्या पायाशी ठेवलेली; तिच्यापासून इंजिनापर्यंत रबरी नळी, आणि नळीच्या मध्यावर हाताने दाबायचा फुगा. टाकीच्या झाकणावर एक लहानसा स्क्रू होता. तो सैल ठेवायचा, म्हणजे पेट्रोल कमी होत जातं तशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत येते. मेहुण्याने हे आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं. जावयाने धक्क्यावरच स्क्रू सैल केला, मनातल्या मनात त्यापुढे बरोबरची खूण केली आणि तो विषय कायमचा संपवला.

त्यानंतर काय झालं ते इथेच सांगून टाकायला हवं, कारण होडीतल्या दोघांनाही ते बराच वेळ सुचणार नव्हतं. जावई पाठ करून इंजिनाची दोरी ओढत होता. इंजिन सुरू झालं, टाकी थरथरू लागली आणि झाकणावरचा सैल स्क्रू सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर हलकेच नाचू लागला. सासरे कोणाकडेही गेले की निघेपर्यंत त्या घरातल्या कपाटांच्या मुठी, चष्म्यांच्या दांड्या आणि दाराच्या कड्या घट्ट झालेल्या असत. त्यांनी वरच्या खिशातला बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला, स्क्रू शेवटपर्यंत आवळला, झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं आणि समोरच्या किनाऱ्याकडे बघू लागले. हे त्यांनी केलं असं म्हणणंही तसं बरोबर नाही. त्यांच्या हातांनी ते परस्पर केलं.

होडी झकास निघाली. पलीकडचा मनोरा आगपेटीच्या काडीएवढा दिसत होता, तो पेन्सिलीएवढा झाला. तेवढ्यात इंजिनाचा आवाज एकदम चढला, मग अडखळला आणि दोन आचके देऊन थांबला.

"का थांबलो?" सासऱ्यांनी विचारलं.

"इंजिन बंद पडलं, बाबा."

"ते मला ऐकू आलं. का, असं विचारलं."

जावयाला हा प्रश्न मनापासून आवडला. नोकरीत त्याला हाच प्रश्न दिवसभर कोणीतरी विचारावा असं वाटे आणि कोणी विचारत नसे. त्याने सांगितलं, की इंजिन एकदम मेलं असतं तर ठिणगीचा दोष. हे तडफडून मेलं, म्हणजे पेट्रोल पोचत नाही किंवा पोचतं ते चांगलं नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, म्हणजे दोष लपून राहत नाही.

ज्याची नोकरी पाण्याची, त्याला पेट्रोलमध्येही आधी पाणीच दिसतं. जावयाने टाकीचं झाकण काढलं. पिशवीत नमुन्याची काचेची बाटली होतीच. नळीने तळाचं पेट्रोल बाटलीत घेतलं आणि ती उन्हात धरून बसला. पाणी जड असतं, ते खाली बसतं. पण बसायला वेळ द्यावा लागतो. सासऱ्यांनी खिशातलं घड्याळ काढून उघडं तळहातावर ठेवलं. घड्याळ टिकटिकत राहिलं.

बाटलीत पाण्याचा थेंबही नव्हता. जावयाने फुगा दाबून कडक केला, दोरी ओढली, आणि इंजिन सुरू झालं. यामुळे तो उलट बेचैन झाला. कारण न सापडता बरी झालेली गोष्ट त्याला आजारी गोष्टीपेक्षा जास्त सतावत असे.

"झाकण मी लावतो," सासरे म्हणाले. "तुमच्याकडून वाकडं बसतं." आणि त्यांनी ते लावलं. आवळलेल्या स्क्रूसकट.

मनोरा बोटाएवढा झाला आणि इंजिन पुन्हा तडफडून गप्प झालं.

आता जावयाने टाकीशी नळी जोडणारा चाप काढला, पुसला आणि खटकन बसवला. मग पेट्रोल किती उरलं ते बघायला झाकण उघडलं. पेट्रोल भरपूर होतं. इंजिन सुरू झालं.

"सापडलं. चाप सैल होता."

"मघाशीही सापडलं होतं."

"मघाशी सापडलं नव्हतं, बाबा. मघाशी नुसतं सुरू झालं होतं. त्यात फरक आहे."

"लंबकाला दोन्ही सारखंच," सासरे म्हणाले आणि वाकून झाकण घट्ट लावू लागले. सैल चाप ऐकल्यापासून त्यांचा या होडीवरचा विश्वास साफ उडाला होता.

पुढच्या वेळी जावयाने पेट्रोल गाळायची जाळी काढून धुतली. तिच्यात माशाचा एक बारीकसा खवला निघाला. त्याने तो पुराव्यासारखा सासऱ्यांसमोर धरला, आणि धुताना लागणारं पेट्रोल काढायला झाकण उघडलेलं असल्यामुळे इंजिन पुन्हा चालू झालं. खवल्याचा गुन्हा सिद्ध झाला. तो पाण्यात फेकून दिल्यावरही जेव्हा होडी थांबली, तेव्हा मात्र जावयाने शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि वल्हं शोधलं. वल्हं एकच होतं. एका बाजूने मारलं की होडी गोल फिरे.

"आपण काट्यांसारखे फिरतोय," सासरे म्हणाले. "तेही उलटे."

त्याच वेळी बायकोचा फोन आला. तिने कुठे आहात असं विचारलं, आणि पाण्यात, असं उत्तर त्याने दिलं. ते बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं. चौकात माणसं जमली आहेत, तिने सांगितलं. अग्निशमन दलाचा बँड उन्हात उभा आहे, साहेब खुर्चीत बसून सारखे फोनवर वेळ बघताहेत आणि इलेक्ट्रिशियन खोक्याच्या खिळ्यांशी खेळतोय.

"अरे, बाबा आयुष्यात कधी कुठे उशिरा पोचलेले नाहीत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी सगळ्यांना तेच सांगून बसलेय. ते खोकं उघडलं ना, तर ते परत या गावात पाऊल टाकणार नाहीत. तू काहीही कर. पोहत ये."

सासऱ्यांना पोहता येत नव्हतं आणि डबीलाही नव्हतं. जावयाने मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने तो उचलला, पण त्याचे दोन्ही हात कोणाच्या तरी तोंडात होते. फोन बाजूच्या ट्रेमध्ये मोठ्या आवाजावर ठेवला असावा, कारण मागून चमच्यांसारखा खणखणाट येत होता.

"बोला भावोजी. उघडा."

इंजिन सारखं बंद पडतंय, असं सांगत जावयाने टाकीचं झाकण उघडलं.

"अजून मोठं."

जावई थबकला. झाकण एक तर लागलेलं असतं किंवा निघालेलं. मोठं कसं उघडणार? त्याने ते हातात धरून जरा दूर नेलं.

"हं, अस्सं. भावोजी, झाकणावरचा स्क्रू सैल आहे ना?"

"आहे," जावई म्हणाला. ती खूण त्याने मनात धक्क्यावरच केलेली होती. हातातल्या झाकणाकडे त्याने पाहिलंही नाही.

"मग फुगा दाबा. कडक झाला का? आता चावा."

जावई फुग्याकडे बघत राहिला.

"काय म्हणतोय तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"चावा म्हणतोय."

"कोणाला?"

"घट्ट चावा," फोनमधून आवाज आला. "घाबरू नका. हां, आता चूळ भरा आणि थुंका. भावोजी, तुम्ही नाही. तुम्ही दोरी ओढा."

जावयाने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. मुलाला काहीतरी येतं याचं सासऱ्यांना इतकं आश्चर्य वाटलं, की त्यांनी फोनकडे बघून मान हलवली. मग ते वाकले आणि झाकण नीट घट्ट लावलं.

मनोरा आता पुरता दिसू लागला होता. त्याची तबकडी दिसत होती, काटे अजून दिसत नव्हते. किनाऱ्यावर बँडच्या पितळेची एक चमक उठली. आणि तिथेच, पलीकडचा धक्का डोळ्यांना दिसतोय पण हाताला लागत नाही अशा जागी, इंजिनाने शेवटचे आचके दिले. ओहोटीचं पाणी होडीला हळूच बाजूला ओढू लागलं. सासऱ्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि बघत बसले. त्यातला मोठा काटा लहान काट्यावर आला, थोडा थांबल्यासारखा वाटला आणि पुढे गेला. त्यांनी घड्याळाचं झाकण मिटलं आणि ते खिशात न ठेवता मुठीत धरून बसले.

जावयाला त्यांच्याकडे बघवेना. फुगा चपटा झाला होता, दोन्ही बाजू आत चिकटल्या होत्या. त्याने सवयीने टाकीच्या झाकणाला हात घातला.

"थांबा," सासरे म्हणाले. "हळू उघडा."

"का?"

"ऐकायचंय."

त्यांनी कोटाची पर्वा न करता टाकीला कान लावला. झाकण फिरलं आणि आतून बारीक आवाज आला.

"दर वेळी हे असंच सुस्कारतं," सासरे म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"म्हणजे आतली हवा बाहेर येते?"

"नाही. बाहेरची आत जाते. आत ओढलेला श्वास आणि बाहेर टाकलेला वेगळा ऐकू येतो."

जावयाचा हात तसाच राहिला. टाकी श्वास ओढत होती. जिला श्वास घ्यायला मुद्दाम भोक ठेवलेलं आहे, ती झाकण उघडेपर्यंत श्वास कोंडून बसली होती. पेट्रोल जायचं, जागा रिकामी व्हायची, हवा यायची नाही, आणि मग आतल्या ओढीपुढे इंजिनाला एक थेंबही खेचता यायचा नाही. त्याने झाकण उलटसुलट करून पाहिलं. स्क्रू इतका आवळलेला होता, की नखाने हलेना.

"हा स्क्रू कोणी घट्ट केला?"

"मी. निघतानाच. सैल होता."

"बाबा, तो मी सैल केला होता."

"दिसलंच मला. म्हणून तर घट्ट केला."

जावयाने डोळे मिटून घेतले, उघडले आणि शांतपणे सांगितलं, की टाकीला हवा हवी. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. घड्याळात हवा गेली की धूळ जाते, धूळ गेली की तेल चिकट होतं. हवा आत जावी म्हणून कोणी भोक ठेवतं हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

"म्हणजे थांबत होतो ते माझ्यामुळे," ते म्हणाले.

लग्नापासून जावई असल्या एखाद्या वाक्याची वाट बघत होता. ते आलं, तेव्हा त्याला त्यातलं काहीच घ्यावंसं वाटेना.

"आणि सुरू होत होतो ते?" सासऱ्यांनी विचारलं.

"झाकण उघडलं की हवा जायची. त्यामुळे."

"मग ती बाटली? तो चाप? तो खवला?"

"त्यांचा काही संबंध नव्हता."

"स्क्रू तुम्ही बघितला नव्हता का?"

"एकदा बघितला होता."

"घड्याळ एकदा बघून दिवसभराची वेळ कळते का, जावईबापू?"

जावयाने स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि स्क्रू सैल केला. स्क्रू ड्रायव्हर परत द्यायला लागला, तर सासऱ्यांनी हात मागे घेतले.

"तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "आणि पोचेपर्यंत मी मागितला तरी देऊ नका."

इंजिन सुरू झालं. टाकी थरथरली, स्क्रू नाचू लागला. सासरे थोडा वेळ बघत राहिले, मग उठून फळीवर उलटे वळले आणि किनाऱ्याकडे पाठ करून बसले; पण तिथून इंजिनाच्या कव्हराचा एक स्क्रू दिसत होता, म्हणून त्यांनी डोळेच मिटले. मध्ये एकदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. जावयाने दिला नाही. होडी धक्क्याला लागेपर्यंत एकदाही थांबली नाही.

बायको धक्क्यावर उभी होती. सासरे होडीतून उतरले, कोट झटकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, की बारा वाजून गेले, खोकं उघडलं असेल, आपण उगाच वर कशाला जायचं.

"कुठे वाजले?" ती म्हणाली. "बघा की."

त्यांनी वर पाहिलं. मनोऱ्यावरचे काटे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे उभे होते, बाराला मिनिटभर कमी.

चौकात पोचेपर्यंत तिने सगळं सांगितलं. बारा होऊन गेल्यावर साहेब खुर्चीतून उठले आणि खोकं उघडा म्हणाले. तेव्हा तिने पुढे होऊन नम्रपणे आठवण करून दिली, की साहेब, आपण भर सभेत बोललात, बारा वाजेपर्यंत वाट बघू. या चौकात बारा तर मनोऱ्यावरच वाजतात. अजून वाजलेले नाहीत. साहेबांनी वर पाहिलं. जमलेल्या सगळ्यांनी वर पाहिलं. बँडमधला ढोलवाला म्हणाला, बरोबर आहे, अजून मिनिट आहे. दिलेला शब्द सगळ्यांसमोर मोडायचा तर कसा, हे साहेबांना सुचेना, म्हणून ते परत बसले; आणि ते बसले म्हणून इलेक्ट्रिशियनही खोक्यावर बसला.

सासरे जिना चढले. वर गेल्यावर त्यांनी मागे न बघता हात पुढे केला, आणि जावयाने त्यावर स्क्रू ड्रायव्हर ठेवला. पट्टी बसली, लंबक अडकला. त्यांनी तो दोन बोटांनी एका बाजूला नेला आणि सोडला. मनोरा आतून टक् म्हणाला, मग टक्, मग टक्. मिनिटभराने चौकातली कबुतरं एकदम उडाली आणि घड्याळाने बारा वाजवले. बँडने ठोक्यांमध्येच वाजवायला सुरुवात केली, कारण त्यांना आणखी उभं राहवत नव्हतं.

साहेब वर आले. त्यांनी अभिनंदन केलं, सासऱ्यांचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने फोन दाखवून हळूच म्हणाले, की खरी वेळ बरीच पुढे गेलीय, काटे तेवढे जरा सरकवून घेऊ या का.

"आज नको," सासरे म्हणाले. "नव्या पट्टीला आधी लंबकाची सवय होऊ द्यावी लागते."

साहेब समजल्यासारखी मान हलवून खाली गेले. जावयाने कॉलेजात लंबकावर पुष्कळ प्रयोग केले होते. असलं काही त्याने ऐकलं नव्हतं.

"असं खरंच असतं का, बाबा?"

"तुमच्या टाकीला हवा लागते ना, तशी याला सवड लागते."

"किती?"

"साहेब घरी जाईपर्यंत."

मग ते तबकडीच्या मागच्या झरोक्याशी गेले, खाली चौकाकडे नजर टाकली, आपलं घड्याळ काढून उघडलं, आणि मनोऱ्याच्या काट्यांशी ताडत त्याचे काटे मागे आणले. अगदी मिनिटाला मिनिट जुळल्यावर त्यांनी ते झाकण मिटून आतल्या खिशात ठेवलं. जावयाच्या लक्षात आलं, की आपल्या मनगटाकडे आता कोणीतरी बघतंय. त्याने हात पाठीमागे घेतला, पण उशीर झाला होता.

"आणा इकडे," सासरे म्हणाले. "पुढे आहे तुमचं."